स्टेडियमच्या पुनर्विकासाला पैसा कसा उभारावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका हातात घेण्याआधी माजिवडा नाक्यावर, उड्डाणपुलाखाली पाच मिनिटं उभं राहून यावं. एक रस्ता मुंबईहून येतो, एक नाशिकला जातो, एक घोडबंदरला. डोक्यावर पूल आणि नजर जाईल तिथवर मेट्रो ४ चे खांब. या सगळ्याला पैसा मिळाला, म्हणजे पैसा आहे. एवढा विश्वास बसल्याशिवाय पुढं वाचू नये.

आता गरज कशाची ते पाहू. माजिवड्यातल्या मुलाला गॅलरी असलेल्या मैदानावर खेळायचं असेल तर तो किटबॅग खांद्याला अडकवून ठाणे स्टेशनच्या बाजूला जातो. तिथं महापालिकेचं दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह आहे. ठाणे महापालिका १९८२ ची. क्रीडाप्रेक्षागृहही साधारण तिच्याच वयाचं. चाळिशी उलटलेल्या इमारतीचा ठाण्यात पुनर्विकास होतो, हे रिक्षावालाही सांगेल. मग स्टेडियमचा का नको, असं तुम्ही नागरिकांच्या एखाद्या सभेत, चहा यायला उशीर झाला म्हणून, सहज बोलून गेलात. टाळ्या पडल्या. तुम्ही निधी समितीचे निमंत्रक झालात. अभिनंदन.

मूळ तत्त्व आधी पाठ करा : स्टेडियमला पैसा मिळतो तो खेळ सोडून बाकी कशासाठीही. प्रस्तावात ‘खेळ’ हा शब्द पहिल्या परिच्छेदात एकदा यावा, ‘उदयोन्मुख’ या शब्दाच्या शेजारी. त्यानंतर तो आला की वाचणाऱ्या साहेबांचा हात घंटीकडे जातो.

पायरी पहिली : अंदाजपत्रक

खर्चाचा आकडा स्वतः काढू नये. त्यासाठी सल्लागार असतो. सल्लागार नेमण्यासाठी निविदा, निविदा लिहिण्यासाठी आणखी एक सल्लागार, असा हा रस्ता आहे आणि तो मळलेला आहे. सल्लागार जे रंगीत चित्र देईल त्यात रात्रीचे दिवे लागलेले असतील, गॅलरीत परदेशी चेहऱ्याची माणसं असतील आणि एकाच्याही हातात वडापाव नसेल. चित्र बदलून मागू नका. त्याचे वेगळे पैसे पडतात.

एक पथ्य पाळा. वानखेडे स्टेडियम सत्तरच्या दशकात सुमारे १ कोटी ८७ लाख रुपयांत आणि तेरा महिन्यांत उभं राहिलं, हे सभेत बोलून दाखवू नका. पैशाचं लोक समजून घेतात, तेव्हाचा रुपया वेगळा होता म्हणतात. महिने मात्र तेव्हाही तीस दिवसांचेच होते.

पायरी दुसरी : सरकार

राज्य सरकारकडं क्रीडासंकुलांसाठी अनुदान आहे. २०२२ साली त्याची मर्यादा वाढली : तालुका संकुलाला ५ कोटी, जिल्हा संकुलाला २५ कोटी, विभागीय संकुलाला ५० कोटी. ही बातमी वाचून नवशिक्याचे डोळे चमकतात. पण तुमचं स्टेडियम महापालिकेचं. तालुका, जिल्हा, विभाग या तीन रकान्यांत ते कुठं बसतं हे ठरवायला एक बैठक लागेल, आणि त्या बैठकीचं इतिवृत्त कायम व्हायला दुसरी.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी असतो. माजिवडा ज्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात येतो, तिथं या निधीकडं डोळे लावून बसलेली गटारं, समाजमंदिरं आणि पायवाटा तुमच्या आधीपासून रांगेत आहेत. फार तर एक ओपन जिम मिळेल. ती नाकारू नका. तिचा फलक तिच्याहून उंच असेल, त्याच्या सावलीत पुढची बैठक घेता येते.

खरा सरकारी पैसा हवा असेल तर पाहुणे बोलवा. पुण्याची बालेवाडीची क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभी राहिली आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी पुन्हा नटली. २०२२ मध्ये आयपीएलचे सगळे साखळी सामने मुंबई-पुण्यात झाले, तेव्हा सरावाच्या मैदानांच्या यादीत ठाण्याचंही नाव लागलं आणि स्टेशनजवळच्या त्या हिरवळीला एकदम भाव आला. आपल्या मुलांसाठी गवत कापायला लेखाशीर्ष सापडत नाही. पाहुण्यांसाठी ते रात्रीत सापडतं. तेव्हा एखादी स्पर्धा शोधा. कोणत्या खेळाची हे गौण आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात चक्क रग्बीची व्यावसायिक लीग भरली होती.

रग्बीवरून आठवलं. सिडनीच्या उपनगरांत तेरा-तेरा जणांची ‘रग्बी लीग’ हा धर्म आहे आणि प्रत्येक उपनगराला आपलं जुनं स्टेडियम प्राणाहून प्रिय. लायकार्ट ओव्हल हे त्यातलं एक. तिथं लोक अजून गवताच्या उतारावर बसून सामना बघतात. २०२२ मध्ये तिथल्या राज्य सरकारनं उपनगरी स्टेडियमांच्या नूतनीकरणाचं आश्वासन मागं घेतलं. पूर आले होते, पैसा तिकडं हवा होता. त्यावर लीगचे कारभारी रुसले आणि अंतिम सामनाच दुसऱ्या राज्यात नेऊ म्हणाले. नेला नाही. पुढं लायकार्टसाठी केंद्र, राज्य आणि नगरपालिका अशी तिघांनी मिळून ४ कोटी डॉलरची मोट बांधली. आपल्याकडंही तिन्ही सरकारं आहेतच. फक्त भूमिपूजनाच्या पत्रिकेवर कुणाचं नाव वर, हा प्रश्न तिघांना एकत्र बसवण्याआधी सोडवून ठेवा.

पायरी तिसरी

ही पायरी मंजुरीसाठी प्रलंबित आहे.

पायरी चौथी : नाव विकणे

हा सगळ्यात सभ्य आणि जुना मार्ग. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला स्टेडियमसाठी समुद्र हटवून केलेली जमीन हवी होती आणि ती गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या हातात होती. अँथनी डिमेलो यांनी लाटसाहेबांना विचारलं म्हणतात की, सरकारी तिजोरीत पैसे हवेत की स्वतःला अमरत्व? साहेबांनी अमरत्व घेतलं. १९३६ मध्ये त्यांनी कोनशिला बसवली. डिसेंबर १९३७ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा त्यांची बंगालला बदली झाली होती आणि फीत नव्या गव्हर्नरच्या वाट्याला आली. नाव मात्र जुन्यांचंच राहिलं. नवशिक्यानं यातून घ्यायचं ते इतकंच, की अधिकाऱ्याची बदली होण्याआधी सही घ्यावी.

अलीकडं अमरत्वाची मुदत ठरलेली असते आणि ते हप्त्यांनी मिळतं. गहुंज्याचं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम हा त्याचा वस्तुपाठ. २०१२ मध्ये ते सुरू झालं, सहारा समूहाशी सुमारे दोनशे कोटींचा नामकरणाचा करार झाला आणि कमानीवर ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ झळकलं. हप्ते थकले. असोसिएशननं नाव उतरवलं. स्टेडियमसाठी घेतलेलं कर्ज मात्र उतरवता येईना, आणि पुढं बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. प्रतीकात्मक ताबा म्हणजे भिंतीवर नोटीस लागते, सामने चालू राहतात आणि चौकाराला टाळ्या वाजवताना नक्की कुणाच्या मालकीच्या खुर्चीवरून उठलो हे प्रेक्षकाला कळत नाही.

ठाण्यात नाव विकताना जास्तीची काळजी घ्या. इथं स्टेडियमला आधीपासून एक नाव आहे, आणि कुठलंही नाव बदलायला निघालं की आणखी तीन नावांचे पाठीराखे निवेदन घेऊन येतात. म्हणून आख्खं स्टेडियम विकू नका. स्टँड विका, साइटस्क्रीन विका, स्कोअरबोर्ड विका. बिल्डरची जाहिरात स्कोअरबोर्डावर असली तर धावसंख्या थोडी लहान अक्षरात येते, ती चालवून घ्या.

पायरी पाचवी : पास

या पायरीला परीक्षेत सगळ्यात जास्त गुण आहेत. महाराष्ट्रात मोठं स्टेडियम उभं राहण्याचं कारण शोधायला गेलं तर सिमेंटच्या आधी पास सापडतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे कसोटी सामने ब्रेबर्नवर होत. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सीसीआयचं; सामना भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. तिकिटांचा वाटा किती, यावरून दोघांचं बिनसलं. सीसीआयच्या बाजूला विजय मर्चंट, असोसिएशनच्या बाजूला शेषराव वानखेडे. शेषराव विधानसभेचेही अध्यक्ष होते. अशा माणसाला तिकिटं कमी देण्याआधी कुणीही दोनदा विचार केला असता. मर्चंट फलंदाजीत जितके पक्के तितकेच नकारातही पक्के निघाले. मग असोसिएशननं ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर शशी प्रभूंच्या आराखड्यानं दुसरं स्टेडियम बांधलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथं झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या. रुसव्याचं भांडवल असं फळाला आलं.

पुण्यातही हेच. नेहरू स्टेडियम महापालिकेचं; १९९६ च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला हरवलं ते मैदान. तिकिटांच्या वाटपावरून महापालिका आणि क्रिकेट असोसिएशनचं फाटलं आणि असोसिएशन द्रुतगती मार्गाच्या कडेला गहुंज्याला गेली. तिथून पुढची कथा चौथ्या पायरीत आलीच आहे.

तेव्हा गॅलरीच्या नकाशाआधी पासांची वही तयार करा. महापालिका, पोलीस, वीज कंपनी, अग्निशमन, टँकरवाला, आणि ‘साहेबांचा माणूस’ म्हणून येणारा प्रत्येक इसम. बेरीज आसनसंख्येच्या वर गेली तर घाबरू नका. भांडणाला तेवढी बेरीज लागतेच. पुनर्विकासानं खुर्च्या वाढतील अशी आशाही ठेवू नका. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे नव्यानं बांधलं तेव्हा सुमारे ४५ हजारांच्या जागी ३३ हजार आसनं उरली, कारण खुर्ची आता माणसाच्या मापाची असावी लागते. रुसण्यासाठी मात्र दोन पक्ष लागतात आणि रुसलेल्याकडं दुसरी जमीन लागते. मुंबई क्रिकेट असोसिएशननं ठाणे जिल्ह्यातच, समृद्धी महामार्गाच्या टोकाला आमणे इथं लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियमचा बेत २०२४ मध्ये पुढं आणलाच आहे. तिथं जाऊन आमचं जुनं स्टेडियम किती लहान आहे हे बघा, असं कुणी म्हणण्याआधी तुमचा प्रस्ताव पुढं सरकायला हवा.

पायरी सहावी : हवा विकणे

ठाणेकराला हे शिकवायला नको, म्हणून थोडक्यात. राज्याची २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली सांगते की विकासकानं सार्वजनिक सुविधा बांधून महापालिकेला दिली तर त्याला रोख रकमेऐवजी बांधकामाचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जास्तीचे मजले चढवण्याचा हक्क, देता येतो. बांधकामाचा खर्च आणि जमिनीचा रेडीरेकनर दर यांचा भागाकार हा त्याच्या हिशोबाचा गाभा. महापालिकेच्या तिजोरीतून दमडी जात नाही. विकासक हसतो, आयुक्त हसतात. गॅलरी उभी राहते स्टेशनजवळ आणि तिच्या मोबदल्यातले मजले चढतात घोडबंदर रोडला. त्या मजल्यांवर राहायला येणाऱ्यांची मुलंही संध्याकाळी कुठंतरी खेळणार, त्यांना मैदान लागणार, त्याला पैसा लागणार. या प्रश्नासाठी मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती काढू.

हवा संपली तर जमिनीखाली बघा. स्टेशनजवळच्या गावदेवी मैदानाखाली स्मार्ट सिटी योजनेतून वाहनतळ झाला. वर मुलं, खाली मोटारी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोघंही २०१६ मध्ये स्मार्ट ठरली, तेव्हा ही कल्पना खाडीपलीकडंही लागू आहे. गॅलरीखालची जागा रिकामी ठेवणं तर पापच. पुण्याचं नेहरू स्टेडियम, सोलापूरचं पार्क स्टेडियम बाहेरून बघा : गाळेच गाळे. क्रीडासाहित्याचा गाळा एखादाच ठेवा, तोही मागच्या बाजूला. बाकी मोबाइल, मोटारीचे सीट कव्हर, मिसळ. गाळ्यांचं भाडं एकदा ठरवलं की पंचवीस वर्षं तेच राहतं आणि वाढवायला गेलं की न्यायालयात जातं, हे प्रकल्प अहवालात लिहायचं नसतं.

कर्जरोख्यांबद्दलही कुणीतरी विचारेल. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, ते पाणीपुरवठ्यासाठी. नळाला मीटर बसतो, चौकाराला बसत नाही. उत्तर संपलं.

कंपन्यांचा सामाजिक निधी मात्र सोडू नका. २०१३ च्या कंपनी कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रकमेची सोय आहे आणि त्या यादीत क्रीडा ‘प्रशिक्षण’ आहे. त्यामुळं पॅव्हेलियनला प्रशिक्षण केंद्र म्हणा, ड्रेसिंग रूमला प्रशिक्षण कक्ष म्हणा. मुताऱ्यांचं काय म्हणायचं ते लेखापरीक्षकांवर सोडा.

पायरी सातवी : उद्घाटनानंतर

बांधायला पैसा देणारे पुष्कळ भेटतील, कारण बांधकामाला कोनशिला असते. देखभालीला कोनशिला नसते. गवताला रोज पाणी आणि माळ्याला दर महिन्याला पगार हे दोन खर्च कुठल्याच योजनेत बसत नाहीत. त्यासाठी डोंबिवलीला घरडा सर्कलजवळच्या क्रीडासंकुलाचा कित्ता गिरवा. तिथं आगरी महोत्सव भरतो, प्रदर्शनं लागतात, सभा होतात. मधल्या तारखांना मुलं खेळतात. महोत्सव मोठ्या थाटाचा असतो आणि मटण उत्तम असतं, त्याबद्दल तक्रार नाही. भाड्याचं दरपत्रक करताना तीन गोष्टी विसरू नका : मांडवाच्या खांबांमागं खड्ड्याची अनामत वेगळी घ्या, ती खड्डा बुजल्यावरच परत करा, आणि बुजला का हे बघायला कार्यालयातल्या बाबूला न पाठवता त्या माजिवड्याच्या किटबॅगवाल्या मुलाला पाठवा. त्याचं टीएमटीचं तिकीट किरकोळ खर्चात टाकता येतं. पावती जोडावी लागेल.