सहा तारखेचा माणूस

नगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेहतीस वर्षं पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल. फेब्रुवारी उजाडला, की ८० सीचे कागद जमवायला निघालेली सगळी स्टाफरूम माझ्या टेबलाशी यायची. "सर, पोराच्या क्लासची पावती चालंल का?" असं कुणी विचारलं, की मी चष्मा कपाळावर चढवायचो आणि सांगायचो, क्लासची नाही, देणगीची नाही, विकास निधीची तर नाहीच नाही, पूर्ण वेळ शाळा-कॉलेजची फक्त ट्यूशन फी, आणि तीही दोनच मुलांची. तीन मुलं असलेले आमचे पीटीचे सर दरवर्षी एवढंसं तोंड करून परत जायचे. असा माझा दरारा. एवढ्या लोकांचा कर वाचवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं पासबुक मात्र कुणी कधी बघायला मागितलं नाही. देवाची कृपा.

माझं आयुष्यभराचं तत्त्व एकच, गर्दी टाळायची. माळीवाड्याच्या विशाल गणपतीला मी चतुर्थी टाळून पंचमीला जातो, दिवाळीचे कपडे भाऊबीज उलटल्यावर घेतो, लग्नात शेवटच्या पंगतीला बसतो आणि जिलबी संपली म्हणून परत येतो. या तत्त्वाला धरूनच पीपीएफचं खातं उघडायला मी १९९९ च्या मार्चअखेरीला पोस्टात गेलो नाही. त्या आठवड्यात लोक नुसते एकमेकांच्या खांद्यावर फॉर्म ठेवून सह्या करत होते. मी आपला शांतपणे, जेवण करून, लुना काढून ६ एप्रिलला गेलो. खिडकीवर मी एकटाच. पाच मिनिटांत काम झालं. येताना दिल्लीगेटला चहा घेतला आणि चहा पिता पिता त्या खांद्यावरच्या सह्या आठवून मला हसू आलं. पुढे बरीच वर्षं येत राहिलं.

आमचे वडील राहुरीकडचे ऊसवाले. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघालेला हा जिल्हा; इथल्या माणसाला बँकेआधी कारखान्याच्या ठेवी कळतात, आणि त्या दोनच जातीच्या, परतीची आणि बिनपरतीची. उसाच्या बिलातून दोन्ही कापून जायच्या. मी वडिलांना मोठ्या फुशारकीने सांगितलं, की दादा, ही ठेव परतीची आहे, पंधरा वर्षांची आहे, १२ टक्के व्याज आहे, भरताना करात सूट, वाढताना सूट, काढताना सूट. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अन् मधी दर पाडला तर?" मी म्हटलं, दादा, हा दर १९८६ पासून हललेला नाही. तो जानेवारी २००० मध्ये हलला. माझं खातं जेमतेम नऊ महिन्यांचं होतं. ११ झाला, मग साडेनऊ, मग ९, आणि २००३ च्या मार्चात ८. "चौदा वर्षं जागचा हलला नव्हता," ही म्हणाली, "तुमचा पाय लागला."

पायगुणाचं सोडा. खरी गंमत २०१४ च्या एप्रिलात झाली. १९९९ मध्ये पंधरा मिळवले की २०१४ होतात, हे गणित मी विद्यार्थ्यांनाही बेधडक शिकवलं असतं. म्हणून कापडी पिशवी घेऊन, आत रुमालात पासबुक बांधून मी पैसे आणायला गेलो. खिडकीतल्या माणसाने पासबुक उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी या." कारण असं, की पंधरा वर्षं खातं उघडल्या दिवसापासून मोजत नाहीत, ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यापासून मोजतात. मी ३० मार्चला उघडलं असतं, तर मुदत ३१ मार्च २०१४ ला भरली असती. मी सात दिवस थांबलो, म्हणून ती ३१ मार्च २०१५ ला भरणार. गर्दीत अर्धा तास उभं राहायला नको म्हणून मी एक वर्ष उभा राहिलो.

रिकामी पिशवी घेऊन घरी कसं जायचं, म्हणून येताना दोन किलो कांदे आणले.

पुढच्या वर्षी मुदत भरली, पण तेव्हा पैशाची गरज नव्हती. मी विचार केला, चाललंय ते चालू द्यावं. दर महिन्याच्या सहा तारखेला दोन हजार, हा नेम मी मोडला नाही. पैसे घेतले जात होते, पासबुकात नोंद होत होती, मी ८० सीमध्ये ते धरत होतो आणि स्टाफरूममध्ये चष्मा कपाळावर चढवत होतो. असं जून २०१८ पर्यंत चाललं. ६ जूनला खिडकीवर नवीन बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पासबुकाकडे पाहिलं आणि उभ्याच राहिल्या.

"सर, ओळखलंत का? बारावी कॉमर्स. तुम्ही मला ताळेबंद जुळेपर्यंत बाकावर उभं केलं होतं."

मी ओळखल्यासारखं केलं. तीस वर्षांत इतकी मुलं बाकावर उभी केली होती, की चेहऱ्यापेक्षा मला त्यांचे गुडघेच जास्त आठवतात.

"सर, याची मुदत २०१५ लाच संपलीय. एच फॉर्म दिला होता का?"

"कसला एच?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. एवढी माया मला माझ्या कुठल्या सख्ख्या नातेवाइकानेही दाखवलेली नाही. म्हणाली, "सर, पुढे पाच वर्षं पैसे भरत राहायचं असेल, तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत तो फॉर्म द्यायचा असतो. नाही दिला, तर जुन्या शिलकेला व्याज मिळत राहतं, पण नंतर भरलेल्या पैशाला नाही. आणि ते ८० सीतही धरता येत नाहीत."

एकोणचाळीस हप्ते. अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. तीन वर्षं ते तिथे पाहुण्यासारखे नुसते बसून होते, आणि वर मी त्यांच्यावर सूट घेतलेली. ती सूट परत करताना सरकारने माझ्याकडून कर घेतला आणि करावर व्याज घेतलं. म्हणजे त्या पैशांवर व्याज निघालंच नाही असं नाही. ते मी दिलं.

"अजून एक विचारू का सर?" ती म्हणाली. "तुम्ही नेहमी सहा तारखेलाच का येता?"

"गर्दी नसते," मी म्हटलं. निदान या बाबतीत तरी मी हुशार होतो.

ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग पावतीच्या मागे पेन्सिलीने रेघा मारून तिने मला समजावलं. मी तिला दहा वर्षांपूर्वी ज्या आवाजात समजावलं असेल, त्याच आवाजात. पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर धरतात. पाच तारखेपर्यंत भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळतं, सहा तारखेला भरलेल्याला मिळत नाही. "म्हणून तर सर, पाचपर्यंत रांग बाहेर रस्त्यापर्यंत जाते. सहाला कोण येतंय?"

मी येत होतो. एकोणीस वर्षं ज्या रांगेला मी हसलो, ती शहाण्यांची होती.

दिल्लीगेटला चहा घेतला आणि तिच्याच पावतीवर हिशेब मांडला. दोन हजारांवर ८ टक्क्यांनी एका महिन्याचे तेरा रुपये तेहतीस पैसे, वर्षाचे १६०, मुदतीच्या सोळा वर्षांचे २,५६०. चक्रवाढ धरली नाही, धरवेना. रांगेत उभं न राहण्याचं भाडं म्हणून हे फार नाही, असं मी स्वतःला समजावत घरी आलो आणि हिला पाच तारखेचा नियम एखादा शोध लावल्यासारखा सांगितला. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "हो की. आपल्या कॉलनीत आरडीचे पैसे गोळा करायला येतात ना त्या बाई, त्यांनी मागेच सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अकाउंटचे सर ना. मला वाटलं, काहीतरी कारण असेल."

ते खातं बंद करून नवं उघडलं, ५ जुलैला. मी शिकत नाही असं नाही. हळू शिकतो.

३१ मे २०२३ ला निवृत्त झालो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला साठ वर्षं पूर्ण लागतात, पण पंचावन्नच्या पुढे निवृत्त झालेल्यालाही खातं उघडता येतं. त्या वेळचा नियम एवढाच, की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून एका महिन्यात उघडायचं. माझे पैसे जुलैत आले. हा नियम मला माहीत होता! पण तो महिना सत्कारांचा होता. संस्थेचा सत्कार, माजी विद्यार्थ्यांचा सत्कार, सावेडीच्या कट्ट्याचा सत्कार, मेहुण्याने घरगुती म्हणून केलेला सत्कार. सतरा शाली आणि अकरा नारळ गोळा करून, भाषणात "आता उर्वरित आयुष्य नियोजनबद्ध जगणार" असं चार ठिकाणी सांगून मी चौतिसाव्या दिवशी दहा लाखांचा चेक घेऊन गेलो. दर ८.२ टक्के होता, म्हणजे वर्षाला ८२ हजार, तिमाहीला साडेवीस. व्याजावर कर लागतो, पण कर लागायला आधी व्याज लागतं. परत पाठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने एका महिन्याचे तीन महिने केले. इतरांसाठी.

मार्च २०२४ मध्ये धावतपळत नव्या पीपीएफमध्ये एक लाख भरले आणि पावतीचा फोटो मुलाला पाठवला. त्याचा फोन आला, "बाबा, या वर्षीपासून आपण नवीन करपद्धत घेतलीय. त्यात ८० सी नसतं." व्याज तिथेही करमुक्तच राहतं, असंही त्याने सांगितलं, आजाऱ्याला फळं द्यावीत तसं.

आता शेवटचं, आणि हे सांगताना मला अजून कानकोंडं होतं. नात २०१६ ची. तिच्या नावे मी एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे पाच तारखेचं ज्ञान होण्याच्या दोन महिने आधी, गुपचूप सुकन्या समृद्धी खातं उघडलं. बेत असा, की पंधरा वर्षं भरत राहायचं, पोर दहावी झाली किंवा अठराची झाली, की शिक्षणाला निम्मे पैसे काढता येतात, तेव्हा सगळ्यांसमोर पासबुक काढायचं आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी आणायचं. खातं पिकेल २०३९ ला. तेव्हा मी चौऱ्याहत्तरचा असेन. तो प्रसंग मी मनात इतक्यांदा घोळवला होता, की त्यात माझी पांढरी दाढीसुद्धा होती. पण या योजनेत पालक म्हणून आईवडील किंवा कायदेशीर पालकच लागतो, आजोबा नाही. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून आजी-आजोबांनी उघडलेली खाती आईवडिलांच्या नावे करून घ्या, असं सरकारने सांगितलं. माझा सुखान्त पंधरा वर्षं अलीकडे आला.

दिवाळीत पुण्याला गेलो. फराळाची ताटं समोर, मी टेबलावर फॉर्म पसरला. ठिकाण म्हणून अहमदनगर लिहिलं, मग आठवलं की आता अहिल्यानगर झालंय, म्हणून खोडून वर अहिल्यानगर लिहिलं, खाडाखोडीवर सही केली, ती सही पासबुकातल्या सहीशी जुळेना. तेवढ्यात आमचे संगमनेरचे व्याही आले. त्यांनी चपला काढल्या, बसले, पाणी प्यायले, आणि घसा खाकरून म्हणाले, "सर, जावईबापूंची एक सही हवी होती." मग पिशवीतून एक पासबुक काढलं.

तेही सुकन्याचं. तेही आमच्याच नातीचं. तेही गुपचूप.

एका मुलीच्या नावे एकच खातं, हा नियम. दुसरं खातं नाही असं फॉर्मवर लिहूनही द्यावं लागतं. ते मी बिनदिक्कत सही करून दिलं होतं, आणि व्याह्यांनीही दिलं होतं. फरक एवढाच, की त्यांनी दिलं तेव्हा ते खरं होतं. जे आधी उघडलं ते राहणार, नंतरचं बंद करावं लागणार. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसून.

"पप्पा, तुमची तारीख काय?" तिने विचारलं.

"५ एप्रिल २०१८."

"आणि बाबा, तुमची?"

मी तारखेवर अंगठा ठेवला. नातीने तो उचलला. दुसरीत आहे, आता तिला वाचता येतं.

"रांग होती हो सर त्या दिवशी, काय सांगू," व्याही म्हणाले. "दीड तास उभा होतो. पाय भरून आले."

हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चकल्यांचं ताट व्याह्यांच्या पुढे सरकवलं आणि म्हणाली, "घ्या ना, अजून एक घ्या."