जेवढं कुजलं, तेवढंच

पुण्याच्या पेठांत जे वाडे अजून बिल्डरच्या हाती लागलेले नाहीत, त्यांतल्या बहुतेकांत एक अप्पा असतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात बाह्यांची बंडी, कानावर सुतारी पेन्सिल. वाडा पाडायचा की ठेवायचा, हा भाऊबंदांचा वाद कोर्टात असतो. अप्पांचं म्हणणं तेवढंही लांबलचक नसतं. खिडक्यांना हात लावायचा नाही, बस्स.

ॲल्युमिनियमवाला कोटेशन घेऊन आला की अप्पा त्याला बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "तुमची खिडकी सरकते म्हणजे एक काच दुसरीमागे जाते ना? उघडते अर्धीच. मग पैसेही अर्धेच लावलेत का?" तो हसतो. अप्पा हसत नाहीत. त्याला हाताला धरून खिडकीपाशी नेतात. "चार झडपा आहेत. खालच्या दोन लावल्या की रस्त्यावरून आतला माणूस दिसत नाही, वरच्या दोन उघड्या ठेवल्या की वारा येतो. आहे तुमच्यात ही सोय? अस्सल सागवान आहे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा ही चौकट पाण्यात होती. भिंत बसली, चौकट उभी राहिली!"

"आमची दहा वर्षांची गॅरंटी आहे, काका."

"दहाच?" अप्पा खऱ्याखुऱ्या सहानुभूतीने विचारतात.

अप्पांचं तत्त्व एकच, जेवढं कुजलं तेवढंच काढायचं. झडपेची खालची पट्टी पाणी पिऊन भुसभुशीत झाली, तर अख्खी झडप फेकायची नाही. चांगलं लाकूड लागेपर्यंत पटाशीने खरवडायचं आणि तिथे जुन्याच सागवानाचा तुकडा कुसू करून बसवायचा. असे तुकडे त्यांच्या कॉटखाली रचलेले आहेत, प्रत्येकावर खडूने मूळ वाड्याचं नाव. शेजारचा वाडा पाडला तेव्हा बाकीचे हळहळायला गेले होते, अप्पा करवत घेऊन गेले होते.

हे तत्त्व खिडकीपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. दंतवैद्याने दाढ काढायला सांगितली, तर अप्पांनी त्याला पटाशीचं काम समजावून सांगितलं. पुतण्याचा संसार मोडायला आला तेव्हा घरच्या बैठकीत ते म्हणाले, "अख्खं कशाला मोडता? कुजलंय तेवढंच काढा!" त्यावर नवरा-बायको दोघांनीही एकदम सासूबाईंकडे पाहिलं. बैठक तिथेच आटोपली.

पावसाळ्यात झडपा फुगून अडकतात. घरातले म्हणतात, रंधा मारा. अप्पा समजावतात, "लाकूड आडवं फुगतं, उभं नाही. श्रावणात रंधा माराल तर चैत्रात बोटभर फट पडेल." म्हणून श्रावणात झडप जिथे घासते तिथे ते नुसती पेन्सिलीची खूण करतात. रंधा मार्गशीर्षात. मार्गशीर्षात झडप आपोआप सुरळीत चालते, त्यामुळे रंधा मारायचं राहून जातं. खुणा मात्र वर्षागणिक वाढताहेत.

या तटबंदीला खिंडार पाडलं ते सूनबाईंनी. रस्त्यावरचे हॉर्न आणि ढोल-ताशाच्या सरावाने त्यांचं डोकं उठायचं. पण त्यांनी ॲल्युमिनियमचं नावच काढलं नाही. जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एका आर्किटेक्ट बाईंना चहाला बोलावलं. बाई म्हणाल्या, "अप्पा, काढायचं काहीच नाही. तुमची खिडकी आहे तशीच राहील. भिंत एवढी जाड आहे, तर आतल्या अंगाला काचेची दुसरी झडप बसवू. दोन्हींच्या मध्ये वीतभर हवा राहिली की आवाज अडतो. चौकटीला एकही खिळा नाही. उद्या नकोशी झाली, तर स्क्रू काढले की संपलं."

अप्पांनी आराखड्यात खोट शोधली. उजेडात धरून शोधली, चष्मा बदलून शोधली. शेवटी "काच कडेला नीट बसली पाहिजे" एवढं बजावून सही केली.

काच बसली आणि रस्ता एकदम मुका झाला. सूनबाईंनी मैत्रिणींना बोलावून दाखवलं. मग चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरचं ऐकू येईनासं झाल्यापासून अप्पांना घरातलं सगळं ऐकू येऊ लागलं आहे. हल्ली माहेरी फोन लावायच्या आधी सूनबाई स्वतः उठतात आणि दोन्ही खिडक्या सताड उघडतात.