मदरबोर्डावर ठाण मांडून बसलेल्या स्क्रूस अनावृत पत्र

माननीय श्री. स्क्रूसाहेब यांस,
मुक्काम : एम डॉट टू स्लॉटचे शेवटचे टोक, मदरबोर्ड

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण जागा सोडत नाही.

आपली जाडी दोन मिलिमीटर, लांबी तीन. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदारही आपले वेगळे पैसे मागायला लाजेल. राखण करायची ती दहा ग्रॅमही न भरणाऱ्या एका एसएसडीची. तिचे एक टोक स्लॉटमध्ये तिरके सरकवायचे, दुसरे खाली दाबायचे आणि ते पुन्हा वर उसळू नये म्हणून आपण त्यावर बसायचे, एवढीच आपली नेमणूक. हलक्या हाताने पिळले तरी भागते. रॅमच्या खिट्ट्या दाबल्या की ती मुकाट्याने उठते, प्रोसेसरची तरफ उचलली की तोही सुटतो. अडून बसलात ते आपण एकटे. जुनी एसएसडी काठोकाठ भरली आहे, नवी पाकिटात पडून आहे आणि घरच्यांनी ‘अजून झालं नाही का?’ हे विचारणेसुद्धा सोडून दिले आहे.

भिंग लावून आपले दर्शन घेतले. माथ्यावरची फुली आता फुली उरलेली नाही. चारही घाट्यांचे काठ घासून गेले आहेत, मध्ये एक गोल खळगा आहे आणि कडेला चंदेरी कीस उभा आहे. हा पराक्रम आधी येऊन गेलेल्या एका दुरुस्तीवाल्यांचा. सीलिंग फॅनपासून मदरबोर्डापर्यंत सगळीकडे एकच स्टार चालवणारे गृहस्थ. त्यांचा स्क्रूड्रायव्हर पीएच-२ मापाचा, आपली घाटी त्याहून लहान. टोक तळाला टेकलेच नाही, वरच्या वर फिरले आणि आपला चेहरामोहरा घेऊन गेले. हे गृहस्थ पुन्हा फोन उचलत नाहीत, तो विषय वेगळा.

तरी सगळा दोष त्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही, कारण आपले घराणेच तसले. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन नावाच्या गृहस्थाकडून फुलीची कल्पना विकत घेतली, ती सुधारली आणि १९३६ साली पेटंटे मिळवली. सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत कॅडिलॅक गाड्यांचा कारखाना होता. सपाट खाचेतून स्क्रूड्रायव्हर सारखा घसरायचा. फुलीत तो आपोआप मधोमध बसतो. कारखान्यातल्या पट्ट्यावर भराभर गाड्या जोडायच्या तर याहून सोयीचे काय? जोर जास्त झाला की टोक घाटीतून वर निसटते, आणि ही म्हणे मुद्दाम केलेली सोय. मूळ पेटंटांत तिचा उल्लेख नाही, पण अवगुणाला नंतर गुण म्हणून मिरवण्याची रीत कुठे नाही? सांगायचे ते असे की आपला जन्म बसवणाऱ्यांच्या सोयीसाठी झाला. काढणाऱ्याला कोणी विचारलेच नाही. जोडणारा एकदाच येतो, जोडतो, निघून जातो. काढायला बसणारे आम्ही.

त्याआधी कॅनडात रॉबर्टसन यांनी चौकोनी घाटीचा स्क्रू काढला होता. तो निसटतच नाही म्हणा ना. पण त्यांचे आणि हेन्री फोर्ड यांचे परवान्यावरून जमले नाही आणि चौकोन बराचसा कॅनडातच राहिला. जपानी फुली तर आणखी फसवी: दिसायला आपल्यासारखीच, पण तिच्यात फिलिप्सचे टोक नीट बसत नाही. वर संगणकाच्या या एकाच डब्यात कॅबिनेटचे स्क्रू इंचांच्या आट्यांचे आणि आपण मिलिमीटरचे. दोघांची अदलाबदल केली की आटे खलास.

असो. आता वाटाघाटींचा वृत्तान्त.

प्रथम सामोपचार. वीज बंद केली, वायर काढली, पॉवरचे बटण दाबून उरलासुरला करंट घालवला आणि पीएच-१ व पीएच-० अशी दोन्ही टोके आपल्यासमोर नम्रपणे उभी केली. आपण दोघांनाही फिरवून परत पाठवलेत. मग रबर. सगळे जण हाच सल्ला देतात: घाटीवर रबर ठेवा, वरून स्क्रूड्रायव्हर दाबा, फिरवा. कोथिंबिरीच्या जुडीचे रबर लगेच तुटते. डॉक्टरी हातमोज्याचा तुकडा टिकतो. पण घाटीत पकडण्याजोगे काही शिल्लक असेल तरच रबर कामाचे. आपल्या खळग्यात ते नुसतेच चुरगळते.

यापुढचे सल्ले ऐकून आपणही हसला असाल. एक म्हणतो, स्क्रूड्रायव्हर फेविक्विकने चिकटवा. त्याचा एक थेंब आट्यांत उतरला की आपली नेमणूक कायम! दुसरा म्हणतो, ग्राइंडरने डोक्यावर आडवी खाच पाडा. लाकडी कपाट असते तर पाडलीही असती. इथे पोलादाचा कीस पिनांमध्ये पडला की शॉर्टसर्किट, आणि चाक जरा घसरले की केसासारख्या बारीक तांब्याच्या रेघा कापल्या गेल्या. आपल्यासाठी मदरबोर्डाचा बळी देण्याइतके आपण मोठे नाही आहात, हे नम्रपणे नमूद करतो.

तेव्हा आता आपल्या पायाखालच्या जागेबद्दल बोलू. आपण ज्याच्यावर उभे आहात तो पितळी, षटकोनी स्टँडऑफ स्वतः बोर्डात आट्यांनी बसवलेला आहे. आपली पकड त्याच्याशी घट्ट. त्याची बोर्डाशी तितकी घट्ट असेलच असे नाही. बारीक चोचीच्या पकडीने त्याच्या कडा धरून उलटे फिरवले तर तो, आपण आणि एसएसडी असे तिघे एकदमच वर याल. मग बोर्डाबाहेर, टेबलावर, निवांतपणे आपली फारकत करता येईल. तो जागचा हलला नाही, तर दुसरा मार्ग आहेच: आपल्या डोक्याची कड बोर्डापासून जरा वर आहे. दाते असलेली पक्कड तिथे आडवी घालून, घड्याळाच्या उलट दिशेने, अगदी थोडे थोडे. शेजारी चिकटपट्टीचे दोन थर लावून ठेवीन, म्हणजे पक्कड निसटली तरी ओरखडा बोर्डावर उठणार नाही.

येत्या रविवारी पक्कड घेऊन हजर होतो. स्टँडऑफसह सन्मानाने बाहेर यावे, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक त्रस्त संगणकधारक

ता. क. : काही मदरबोर्ड कंपन्यांनी आपल्या जागी बोटाने फिरणारी प्लॅस्टिकची खिट्टी बसवायला सुरुवात केली आहे. तिला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. पुढचा बोर्ड घेताना दुकानदाराला मी आधी तेवढेच विचारणार आहे.