रेफरन्सला तुमचं नाव घालतो, काका

कोल्हापूरजवळच्या चिखलीच्या मित्राच्या पोराने पुण्यातल्या एका कंपनीच्या फॉर्मात 'रेफरन्स' म्हणून आपलं नाव घातलंय, हे कळल्यावर लेखकाची फुगलेली छाती काही केल्या खाली येईना. इतकी वर्षं दिवाळी अंकांत लिहूनही ज्याचं मत कुणी मागितलं नव्हतं, त्याला आता एक बहुराष्ट्रीय कंपनी फोन करून विचारणार होती. लेखकाने मनाशी मसुदाच तयार केला. आधी पोराचा स्वभाव, मग पंचगंगाकाठची माती, आणि शेवटी अगदी ओघात आल्यासारखी स्वतःच्या पुस्तकांची नावं.

पोराचे वडील मात्र तापले होते. "नोकरी देत्यात का पोरगी? लग्न ठरवतानाबी एवढी चवकशी केली न्हवती कुणी."

त्यांना लेखकाने पुण्याचीच गोष्ट ऐकवली. एप्रिल 2005मध्ये तिथल्या एम्फसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही जणांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या खातेदारांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर परस्पर वळवले, अशी ती भानगड. बोभाटा जगभर झाला. जानेवारी 2006मध्ये नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. माहिती तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांचं शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, बोटांचे ठसे, सगळं एका जागी. पुढे खोट्या कंपन्यांची अनुभवपत्रं विकणारेही निपजले. 2022मध्ये ॲक्सेंचरने भारतात अशी पत्रं जोडणाऱ्यांना घरी पाठवलं. थोडक्यात, कंपन्यांना भ्यायला कारण होतं.

"मग चोरास्नी धरा की," मित्र म्हणाला.

पण पोराचं आडनाव पाटील, आणि चोर धरायचा तर आधी पाटील निवडावे लागतात. चौकशी करणाऱ्या संस्था न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधतात. दूर कुठल्याशा कचेरीत बसून हे सोपं वाटत असेल. कोल्हापूर जिल्ह्यात 'पाटील' टाकून बघा म्हणावं. बांधाची भांडणं, वाटपाचे दावे, न वटलेले चेक, सगळा जिल्हा पडद्यावर उतरतो. पोराने स्वतःच शोधून पाहिलं आणि हबकून फोन केला, "काका, मी एवढ्या केसी कवा केल्या?"

पत्त्याची पडताळणी त्याहून गमतीची. मोबाइलवर आलेली लिंक उघडून, लोकेशन चालू ठेवून, दारावरच्या नावाच्या पाटीसह घराचा फोटो काढायचा. दारावर पाटीच नव्हती. अख्ख्या गावाला घर माहीत असताना पाटी लावायची कुणासाठी? शेवटी मित्राने चौकटीवर खडूने नाव लिहिलं आणि शेजारी असा उभा राहिला, जणू जप्ती आली आहे.

मग लेखकाला तो बहुप्रतीक्षित फोन आला.

"सर, कँडिडेटला ओळखता? येस ऑर नो?"

"त्याचं असं आहे, मी आणि त्याचे वडील..."

"येस मार्क करते. तुमचं डेझिग्नेशन?"

"लेखक."

पलीकडे शांतता. मग माउसची टिकटिक. "सर, लिस्टमध्ये मॅनेजर आहे, टीम लीड आहे, प्रोफेसर आहे. अदर्स टाकू?"

पुस्तकांची नावं घशातच राहिली.

कोल्हापूरच्या लेखकाला कुठलाही विषय द्या, तो शाहू महाराजांपाशी येतोच. ॲसिडिटीवर लिहायला सांगितलं तरी येईल. इथे तर निमित्तही आहे. 1871च्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. म्हणजे माणूस पाळण्यात असतानाच त्याची पार्श्वभूमी तपासून झालेली आणि शेरा तांबडा. कोल्हापूर संस्थानातही काही जातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. महाराजांनी 1918मध्ये ती बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी बोलावून कामं दिली, घरं दिली आणि चक्क पहाऱ्यावर नेमलं. आजच्या एखाद्या एचआरवाल्याला हे सांगितलं तर तो खुर्चीवरून पडेल. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्याच्याच हाती पहारा!

आणि गंगाराम कांबळे. राजवाड्यातल्या नोकरीत, पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे जाऊन पीत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजत. याला म्हणतात रेफरन्स. 'येस ऑर नो' विचारायची कुणाची टाप होती? लेखकाला या विषयावर आणखी बरंच सांगायचं आहे, पण संपादकांनी जागा मोजून दिली आहे.

त्या फॉर्मातला खरा काटा पुढेच होता. 'शिक्षणातील खंड: कारण द्या.' ऑगस्ट 2019मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43 फूट. चिखली बुडाली. पोराच्या गुणपत्रिका ट्रंकेत लगदा झाल्या, आणि ते वर्ष त्याने घरातला गाळ उपसण्यात आणि बापाबरोबर गोठा पुन्हा उभा करण्यात घालवलं. कारणांच्या यादीत उच्च शिक्षण होतं, आजारपण होतं, विवाहसुद्धा होता. महापूर नव्हता. शिवाजी विद्यापीठातून दुय्यम गुणपत्रिका मिळाल्या. पण त्या वर्षाचा पुरावा? तलाठ्याच्या पंचनाम्याची झेरॉक्स जोडली, तर ती अस्पष्ट म्हणून परत आली. लेखकाला खरा राग आला तो इथे. एकवीस वर्षांचं पोर, त्याने छातीभर पाण्यातून म्हशी बाहेर काढल्या, आणि त्याच्या नावापुढे पिवळा शेरा: 'खुलासा समाधानकारक नाही.' त्या वर्षाबद्दल लेखकाला फोनवर कुणी चकार शब्द विचारला नव्हता. विचारलं असतं तर पुस्तकांची नावं गिळून सगळं सांगितलं असतं.

पंचनामा पुन्हा, उजेडात धरून, स्कॅन केला. नोकरी मिळाली. पेढे घेऊन पोर स्वतः आलं आणि बसल्या बसल्या म्हणालं, "काका, पुण्यात खोली बघितलीया. मालक पोलिसांत भाडेकरूची माहिती भरणार हाय. वळखीच्या दोन माणसांची नावं मागितल्यात. तुमचं घालू?"

"घाल की," लेखक म्हणाला. छाती पुन्हा हलू लागली होती. "आणि हुद्दा काय लिहिशील?"

"अदर्स," पोर म्हणालं आणि दुसरा पेढा उचलला.