वीट हलकी, जबाबदारी त्याहून हलकी

वडगाव रासाईला भीमेकाठी घरावर मजला चढवायचा, तर आता लाल वीट नको, हलक्या काँक्रीटचा एएसी ब्लॉक हवा. तेवढ्याच आकाराच्या वीटकामाच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा! तरी दोन फुटी, आठ इंची ब्लॉक पंधरा किलोच्या आसपास भरतोच. पण नाव ‘हलका’, म्हणून परांचीही हलकीच: दोन बांबू, एक फळी. कठडा नाही, पट्टा नाही. हेल्मेट आहे, त्यात तंबाखूची पुडी ठेवलीय. ओळंबा मात्र रीतसर. भिंत पडायला नको! १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं दहा लाखांपर्यंतच्या स्वतःच्या घराला सूट दिली होती, हे मालकाला तोंडपाठ. गुरुत्वाकर्षणानं तशी सूट दिल्याचं परिपत्रक ग्रामपंचायतीत अजून पोचायचंय.