शनिवारवाडा टेबलावर

पाटबंधारे खात्यात मी आयुष्य काढलं हे खरं, पण ते हिशेबाच्या शाखेत. धरण मला कळतं ते बिलांवरून. तरीही कात्रजच्या आमच्या सोसायटीत मला सगळे ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणतात, आणि हाक ऐकायला इतकी गोड लागते की खुलासा करायचा राहूनच गेला. त्यामुळे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ‘मुलांना हातांनी काहीतरी करून दाखवा, पर्यावरणही येऊ दे आणि बांधकामही’ असं म्हणाल्या, तेव्हा कपातला चहा संपायच्या आत मी हो म्हणून बसलो.

विषय दारातच होता. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या पक्क्या बांधीव नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. त्यांतून कोंडलेली हवा वर निघून जायची आणि गाळ तळाशी बसायचा. पुढे पेठापेठांतून हौद, काळा हौद त्यांतलाच एक. आज त्याच कात्रजला आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसते, पण ते असो.

तर, अंघोळीची बादली हा तलाव, कुंड्यांना पाणी घालायचा पाईप हा नळ आणि हिचं पुरणाचं पातेलं हा शनिवारवाडा. ‘अहो, ते पितळी नेऊ नका,’ असं ही दारापर्यंत सांगत आली. मी तेच नेलं. पेशव्यांचा मान म्हणून वाडा बाईंच्या टेबलावर ठेवला, तलाव खाली खुर्चीवर, मधल्या बाकांवरून पाईप वरखाली फिरवला, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बसलेला असताना बादलीतलं टोक सोडलं. पाईपने एकदा गुळण्या केल्या. मग काहीच नाही. मी पेशव्यांविषयी चार वाक्यं जास्त बोललो, पाईप हलवला, बुडबुडे निघावेत म्हणून तोंड लावून ओढला, ठसका लागला, त्या गडबडीत कोपर लागून बादली कलंडली आणि अर्धा तलाव माझ्या बुटांत आला. १६६३ मध्ये शाएस्तेखानाच्या फौजेला इथलाच घाट दाखवला म्हणतात. मला पाण्याने दाखवला.

‘आजोबा, वाडा वर आणि तलाव खाली कसा?’ दुसऱ्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला. मुलीचे वडील गवंडी. तिने माझ्याच पिशवीतली पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं, एक टोक टेबलाशी धरलं, दुसरं मैत्रिणीच्या हातात खुर्चीशी दिलं, आणि दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आल्यावर माझी सगळी पेशवाई हातभर उलटी असल्याचं वर्गाला दाखवलं. वाडा जमिनीवर आला, तलाव टेबलावर चढला. तरी पाणी अडलंच. पाईप ज्या बाकावर कमान करून चढत होता तिथे तिने बोटाने टिचकी मारली, कंपासपेटीतल्या कर्कटकाने भोक पाडलं आणि त्यात रिकामी रिफिल उभी खोचली. फुस्स करून हवा गेली, रिफिलमध्ये पाणी चढलं, मधेच थांबलं, आणि पातेल्यात धार लागली. उच्छ्वासावर पाच मिनिटं मीच बोललो होतो. आमच्या नळाला तो ठेवायचा असतो हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गेलेली अब्रू परत मिळवायला मी गाळणी काढली. कापलेल्या बाटलीत खाली खडी, वर वाळू, आणि त्यावर इस्त्रीवाल्याकडचा कोळसा. कोळसा आधी धुवायचा असतो. वरून गढूळ पाणी ओतलं, खालून काळं आलं. ‘काळा हौद असाच भरायचे का?’ असं एका पोराने अगदी निरागसपणे विचारलं. बाई खिडकीकडे तोंड करून हसल्या.

पुढच्या महिन्यात छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचा तास आहे. त्याला बाईंनी मुलीच्या वडिलांना बोलावलंय. मलाही आग्रहाचं आमंत्रण आहे.

बादल्या माझ्याकडे आहेत.