सात वॅट कमी

घरच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलावं, हा विचार माणसाच्या मनात साधारणपणे रात्री साडेअकराला येतो. पडद्यावर आपण घोड्यावरून दरीच्या दिशेने दौडत असतो, समोर सूर्य बुडत असतो आणि नेमका तेव्हाच घोडा हवेत थिजतो. मग अर्धा फूट पुढे सरकतो. पुन्हा थिजतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ कॉम्प्युटरवर आला २०१९ साली आणि माझं १०५० टीआय कार्ड २०१६ सालचं, तेव्हा दोष घोड्याचा नाही हे लगेच समजतं. समजल्यापासून नवं कार्ड घरात येईपर्यंतचा प्रवास सुखरूप कसा पार पाडावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे. सर्व सूचना स्वानुभवावर आधारित आहेत. त्यातले काही अनुभव टाळता आले असते.

सर्वप्रथम कारण तयार ठेवावं. ‘खेळायला हवंय’ हे कारण चाळिशी ओलांडलेल्या माणसाने तोंडातून काढू नये. ‘व्हिडिओ एडिटिंग’ पूर्वी चालायचं. आता लोक विचारतात, कसले व्हिडिओ? हल्ली ‘एआय शिकायचंय’ चालतं. कार्डं त्या कामालाही लागतात, त्यामुळे ते धडधडीत खोटंही ठरत नाही. मी आईला तेच सांगितलं. आई एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाली आहे. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, “किती हवेत, कशासाठी हवेत आणि आहे त्याला काय झालंय, ते लिहून आण.” तिने एक जुनी फाइलही शोधून काढली. इथून पुढे सगळं छाननीच्या पद्धतीने झालं आणि मी इतरांनाही तीच पद्धत सुचवेन. घरात निवृत्त बँकवालं कोणी नसेल तर शेजारून बोलवावं.

दुसरा अभ्यास नावांचा. एनव्हिडियाच्या ४०६० मध्ये ४० ही पिढी आणि ६० हे घरातलं स्थान. ९० म्हणजे थोरले, ५० म्हणजे शेंडेफळ. इथवर कोणालाही जमतं. पुढे उपाध्या सुरू होतात. ४०७० च्या वर ४०७० सुपर, त्याच्या वर ४०७० टीआय आणि त्याच्याही वर ४०७० टीआय सुपर. रावसाहेब मोठा की रावबहादूर, हे ज्यांच्या पणजोबांना पाठ होतं त्यांच्या घरी ही विद्या असेल. एएमडीने तर टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी ७००० नंतर ८००० ची मालिका आणलीच नाही, २०२५ मध्ये थेट ९०७० काढलं.

यापेक्षा वाईट म्हणजे एकाच नावाचे दोन माल. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आलं तेव्हा त्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती ने-आण करायची. पुढच्या वर्षी त्याच नावाने स्वस्तातल्या मेमरीचं कार्ड आलं, त्याचा वेग साधारण १७. नाव तेच, खोकंही जवळपास तेच. ३०६० आलं १२ जीबी घेऊन, मागाहून त्याचंच ८ जीबीचं भावंड आलं, तेही आतून अरुंद. आणि पुढच्या पिढीच्या ४०६० ला ८ जीबीच. म्हणजे पिढी नवी, भांडं लहान. हे सगळं मी तक्त्यात मांडून आईपुढे ठेवलं. ती म्हणाली, “खोक्यावरचं राहू दे. पावतीवर काय लिहून देणार, ते विचार.” ग्राफिक्स कार्डांविषयी इतका नेमका सल्ला मला दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही.

तिसरी पायरी पुऱ्यांची. खेळातलं प्रत्येक चित्र आधी प्रोसेसर जुळवून देतो, मग कार्ड ते रंगवतं. प्रोसेसर पुऱ्या लाटतो, कार्ड तळतं. लाटणारा एकटाच, तोही चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आणि तुम्ही घाण्याएवढी कढई आणलीत, तर पंगतीला पुऱ्या काही जास्त पडत नाहीत. तेल मात्र तापत राहतं. आपल्या घरी कोण कमी पडतंय हे पाहायचा सोपा उपाय आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन खाली आणावं. चित्रांचा वेग लगेच वाढला तर कार्ड अडत होतं. तसाच राहिला तर लाटणारा दमलाय. माझ्याकडे दोघेही दमलेले निघाले, कार्ड जरा जास्त. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलायला हवा, मदरबोर्डबरोबर रॅमही. त्यावर पेन्सिलीने शेरा पडला: ‘पुढील आर्थिक वर्षात.’

आता एसएमपीएस. लोक कार्डाच्या चर्चेत चार महिने घालवतात आणि ज्या डब्यातून त्याला वीज मिळणार, त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. माझा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आला होता. त्यावर ठळक लाल अक्षरांत ४५० वॅट असं छापलं होतं. मी हिशेब मांडला: प्रोसेसर ८४ वॅट, नवं ४०६० कार्ड ११५ वॅट, बेरीज १९९. साडेचारशेत दोनशे, म्हणजे निम्म्याहून कमी. प्रस्ताव निर्धास्त. आईने कॅबिनेटचं झाकण काढायला लावलं. नऊ वर्षांची धूळ कापडी लोकरीसारखी पंख्यावर बसली होती. ती ओल्या फडक्याने पुसायला निघाली, मी तिला अडवलं, तिने मला बाजूला केलं आणि भिंग घेऊन एसएमपीएसच्या कडेचा बारीक अक्षरांचा तक्ता वाचायला लागली.

“इथे बारा व्होल्टपुढे सोळा अँपिअर लिहिलंय. तुझं कार्ड कितीवर चालतं?”

“बारावरच. प्रोसेसरही.”

“बारा सोळं?”

“एकशे ब्याण्णव.”

“मग साडेचारशे कुठले?”

बाकीचे कुठल्यातरी ५ व्होल्टच्या आणि ३.३ व्होल्टच्या तारांत वाटलेले असतात, काही नुसते लाल अक्षरांत असतात, असं मी सांगितलं. आईने पेन्सिलीने वजाबाकी केली. एकशे नव्याण्णव वजा एकशे ब्याण्णव.

“सात कमी पडतायत.”

“अगं, सातच वॅट. लावून तर बघू.”

“लावून बघितलेल्या खात्यांच्या वसुलीला मी वसई-विरारपर्यंत फिरलेय,” ती म्हणाली आणि फाइल मिटली.

बरोबरच होतं ते, आणि सातवर भागणारंही नव्हतं; रॅम, हार्ड डिस्क, पंखे यांना मी हिशेबात धरलंच नव्हतं. शिवाय १०५० टीआय ७५ वॅटचं होतं, म्हणजे ज्या खाचेत बसतं तिथूनच त्याचं भागायचं, वेगळी वायर नव्हतीच. ४०६० ला आठ पिनांची वायर लागते आणि माझ्या डब्यात ती नव्हती. अशा वेळी दुकानात एक लहानसा कन्व्हर्टर मिळतो, तो हार्ड डिस्कच्या वायरीला जोडला की पुढे आठ पिना निघतात. आठ पिना निघाल्या म्हणून मागच्या बारीक तारा जाड होत नाहीत. त्या तापतात, मग वास येतो, आणि मग खेळ फार खरा वाटू लागतो. तेव्हा सूचना: आधी एसएमपीएस, बारा व्होल्टचा रकाना वाचून, मग कार्ड. प्रस्तावात ५५० वॅटच्या एसएमपीएसची रक्कम वाढली आणि ती मंजूर झाली. ११५ वॅट, रोज तीन तास, महिन्याला जेमतेम साडेदहा युनिट. तीही नोंद झाली.

कॅबिनेटची लांबी मोजावी. आमच्याकडे शिवणाच्या टेपने मोजली. हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो तिथपर्यंतच मोजावं, नाहीतर तीन पंख्यांचं कार्ड आणून पत्रा कापावा लागतो. खाच पाहून हुरळून जाऊ नये. आरएक्स ६५०० एक्सटी सोळा लेनच्या खाचेत बसतं पण वाहतूक चारच लेनमधून करतं. टोलनाक्यावर सोळा खिडक्या दिसाव्यात आणि चारच उघड्या असाव्यात, तसं. जुन्या मदरबोर्डवर तो फरक चांगलाच जाणवतो. हा विषय इथेच सोडू.

सेकंडहँडचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. २०२१ साली ही कार्डं दुकानांतून नाहीशी झाली होती, कारण लोक ती रात्रंदिवस चालवून इथेरियम नावाचं चलन खणत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि खाणीतली कार्डं बाजारात आली. ती विकणारे गृहस्थ नेहमी म्हणतात, “मुलगा कधीतरी खेळायचा.” मी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याकडे असा कधीतरी खेळणारा मुलगा एक होता आणि कार्डं सहा. स्क्रूंची तोंडं घासलेली, पंखा फिरताना उसाच्या गुऱ्हाळासारखा करकर आवाज. अशा ठिकाणी कार्ड लावून दाखवायला सांगावं, अर्धा तास त्याला राबवावं आणि जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालवावा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवलेलं असेल तर बऱ्याचदा तो ते ओळखतो. गृहस्थ म्हणाले, लाइट गेलीय. पंखा चालू होता.

मग लॅमिंग्टन रोड. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचं अधिकृत नाव पाट्यांवर नीट लिहिलेलं असतं आणि टॅक्सीत कोणी उच्चारत नाही. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, चालत पाच-सात मिनिटं. दुकानात शिरताना किती पैसे घालवायचे तो आकडा मोठ्याने म्हणत शिरावं, कारण आत एक शिडी उभी असते. “४०६० घेताय ना साहेब? थोडे टाका, टीआय येतं.” टीआयपाशी गेलं की, “आता एवढं घेताच आहात तर ४०७० बघा.” अशाने माणूस चार मिनिटांत ४०९० पाशी पोचतो. ते ४५० वॅट खातं. घरचा मिक्सर ५०० चा, पण तो चटणीपुरता चालतो. मी खिशातला तक्ता काढला. विक्रेत्याने तो पाहिला, कोपऱ्यातला पेन्सिलीचा शेरा वाचला आणि सरळ कपाटातून दोन पंख्यांचं ४०६० काढलं. “बिल हवं की नको?” “हवं. जीएसटीचं. सिरियल नंबर घालून.” त्याने मान हलवली. आईचं नाव ऐकलं असतं तर खुर्चीही दिली असती.

परतीच्या लोकलमध्ये खोकं मांडीवर ठेवावं, वर सामानाच्या फळीवर ठेवू नये. शेजारच्या काकांनी मुंब्र्याच्या सुमारास विचारलं, “मिक्सर का?” मी हो म्हणालो. वॉरंटी किती, त्यांनी विचारलं. तीन वर्षं. “चांगलाय मग,” ते म्हणाले, आणि डोंबिवलीपर्यंत आम्ही जार फुटण्याविषयी बोललो.

बसवणं मुळीच अवघड नाही. स्विच बंद करून प्लग काढावा, हात एकदा लोखंडी पत्र्याला लावावा, खाचेच्या शेवटी असलेली खिट्टी दाबून जुनं कार्ड सोडवावं, नवं टक्‌ आवाज येईपर्यंत दाबावं. एक स्क्रू हमखास मदरबोर्डवर पडतो. तो सापडेपर्यंत चालू करू नये.

मॉनिटरही नवा घेतला होता. जुना सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा. कार्डाने शंभर काढली तरी वरची चाळीस वायाच, ताटात मावतील तेवढ्याच पुऱ्या. म्हणून १४४ हर्ट्झचा आणला. पहिल्या रात्री आईला बोलावून दौडता घोडा दाखवला. ती बराच वेळ पाहत होती. “थांबत नाही आता, हे खरं. पण मॉनिटरने काय झालं? मला तर जुन्यासारखाच वाटतोय.” मी तिला हर्ट्झ म्हणजे काय, मानवी डोळा कसा काम करतो आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही सूक्ष्म फरक टिपता येत नाहीत, हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पुढचे आठ दिवस मी ऑफिसात दोघांना सांगितलं की एकदा १४४ पाहिलं की साठवर परत जाता येत नाही. एकाने मॉनिटर बुकसुद्धा केला.

नवव्या दिवशी भाचा आला. नववीत आहे. खुर्चीत बसला, माऊस दोनदा गोल फिरवला आणि म्हणाला, “मामा, हा साठवरच आहे.”

विंडोज नव्या मॉनिटरला पुष्कळदा ६० वरच ठेवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेटच्या रकान्यात १४४ निवडावं लागतं. त्याला दहा सेकंद लागली. बाण पडद्यावर लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरायला लागला. “आजी, बघ ना, मामाने आठ दिवस...” एवढं तो बोलला आणि मी त्याला शंभराची नोट देऊन वडापाव आणायला पिटाळलं.

रात्री एसएमपीएसची पावती ठेवायला म्हणून फाइल उघडली. मॉनिटरच्या पावतीच्या कोपऱ्यात, आल्या दिवशीची तारीख घालून, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘वस्तू मिळाली. पाहणी बाकी.’